कागद पडताळणीत आहे

१९७५ सालच्या दिवाळीनंतर शाळेनं मला पंधरा दिवसांच्या प्रशिक्षणाला अमरावतीला पाठवलं. जाताना मी भूगोलाचा शिक्षक होतो, परत आलो तो ‘शैक्षणिक मार्गदर्शक’ होऊन. तसं शिक्क्याचं प्रमाणपत्रच होतं माझ्याकडे. रिसोडच्या बसस्टँडवर उतरल्यापासून घरी पोचेपर्यंत ते मी तीन जणांना दाखवलं. त्यातला एक जण तर मला ओळखतही नव्हता.

आमच्या घरात शिकलेला मी पहिला. वडिलांनी, पुंजाजींनी, जन्मभर दुसऱ्यांच्या वावरात काम केलेलं. त्यांनी प्रमाणपत्र दोन्ही बाजूंनी पाहिलं.

“मंग आता तू करनार काय?”

“मार्गदर्शन. दहावीनंतर कोणी कुठं जावं, ते पोरांना सांगायचं.”

“तुले मालूम हाय का, कोठं काय हाय ते?”

मला मालूम नव्हतं. पण प्रमाणपत्रावर तसं काही लिहिलेलं नव्हतं, म्हणून मी विषय बदलला.

गरज मात्र खरी होती. जुनी अकरावीची मॅट्रिक जाऊन नवी दहावी आली होती. आईबाप शाळेत येऊन विचारायचे, “आता दहावी म्हंजेच मॅट्रिक, का अजून काही राह्यलं?” हेडमास्तर त्यांना माझ्याकडे पाठवायचे. माझी जागा जिन्याखाली होती. टेबल, खुर्ची आणि पुठ्ठ्यावर लिहिलेली पाटी: ‘मार्गदर्शन कक्ष – शे. पुं. पडघान’. खुर्चीतून उठताना दर वेळी डोकं जिन्याला लागायचं. आता वाटतं, ते आणखी जरा जोरात लागायला हवं होतं.

कारण अमरावतीहून मी जे शिकून आलो, ते भलतंच होतं. तिथं चौदा दिवस मुलांशी कसं बोलावं, त्यांची आवड कशी ओळखावी, हे शिकवलं. शेवटच्या दिवशी एका पाहुण्यानं फळ्यावर चौकोन काढले, त्यांना बाणांनी जोडलं आणि सांगितलं की एकटा शिक्षक काही करू शकत नाही, संघटना पाहिजे, संघटनेत समित्या पाहिजेत. चौदा दिवसांचं मी विसरलो. चौकोन तेवढे घेऊन आलो.

जानेवारीत मी आसपासच्या शाळांतल्या अशाच प्रशिक्षित शिक्षकांना पत्रं टाकली. एका रविवारी आमच्या शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात आम्ही अकरा जण जमलो. आणीबाणीचे दिवस. एवढी माणसं जमायला परवानगी लागते का, यावर पहिला अर्धा तास गेला. मग ‘शैक्षणिक मार्गदर्शक शिक्षक संघ’ स्थापन झाला. मेडशीचे हेडमास्तर उदयसिंग ठाकूर वयानं मोठे, म्हणून अध्यक्ष. सचिव म्हणून माझं नाव मीच सुचवलं. कोणी हरकत घेतली नाही, ती मी पसंती समजलो.

मग मी चौकोन काढले.

“आपल्याला समित्या लागतील,” मी म्हणालो. “माहिती समिती, पडताळणी समिती, भाषा समिती, प्रसिद्धी समिती. सगळं काम स्वयंस्फूर्तीनं. सांगा, कोण कोण पुढं येतं?”

सगळे खिडकीबाहेर पाहू लागले. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं, एक म्हैस होती.

मालेगावचे ग्यानबा लांडगे माझे जुने मित्र. ते हळूच म्हणाले, “शेषराव, सदस्य कोन होते असं नका इचारू. समितीचा अध्यक्ष कोन होते, असं इचारा.”

मी तसं विचारलं. सात हात वर आले. समित्या चारच होत्या. सात जणांना नाराज कसं करायचं? मी आणखी तीन चौकोन काढले: नियोजन समिती, निमंत्रण समिती आणि या सहांमध्ये मेळ घालणारी समन्वय समिती. उरलो चौघं. त्यातले उदयसिंग सर संघाचे अध्यक्ष, मी सचिव. एका पोक्त गृहस्थांनी तब्येतीचं कारण सांगितलं. राहिल्या आसेगावच्या लिलाबाई गोटे.

(पडताळणी समितीवर नंतर उदयसिंग सरांनीच दावा सांगितला. “कागद खरा का खोटा, ते अध्यक्षानंच पाहाले पाह्यजे,” ते म्हणाले. ज्यांनी आधी हात वर केला होता, त्यांना मी उपाध्यक्ष केलं.)

लिलाबाई प्राथमिक शाळेतून बढतीनं हायस्कुलात आलेल्या, चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या बाई. त्या म्हणाल्या, “मले समिती नको. मी पोरींचे अर्ज भरून देत जाईन. तेवढं मले येते.”

मला राग आला. मी इतके चौकोन काढले आणि यांना एकात बसवत नाही. शेवटी मी वहीत लिहिलं: ‘श्रीमती गोटे – स्वयंसेवक सदस्य, सर्व समित्या’. म्हणजे आमच्या संघात सात अध्यक्ष होते आणि त्या सातही जणांच्या हाताखाली मिळून एकच माणूस होता. त्या वेळी मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

त्यानंतर मी नियम केले. कोणत्याही अभ्यासक्रमाची माहिती आली, की ती आधी सचिवाकडे यायची. तिथून मालेगावला माहिती समितीकडे. तिथून नक्कल करायला लिलाबाईंकडे. मग मेडशीला पडताळणीसाठी. मग मंगरूळपीरला भाषा तपासायला. मग सगळ्यांच्या सह्या होऊन प्रसिद्धीसाठी परत माझ्याकडे, आणि मग शाळेच्या फलकावर. पाकिटं एसटीच्या कंडक्टरांच्या हाती जायची. ग्यानबांची चित्रकला चांगली, त्यांनी या प्रवासाचा रंगीत तक्ता करून दिला. मी तो घरी ओसरीवर लावला. माझी बायको भागीरथा त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिली.

“हा कोनत्या नदीचा नकाशा हाय?” तिनं विचारलं.

“ही माहिती कशी जाते, ते आहे.”

“पोट्टे कोठं हायेत याच्यात?”

मी पाहिलं. मुलं तक्त्यात नव्हती. मी ग्यानबांना पत्र लिहून तळाशी एक छोटा चौकोन वाढवून घेतला: ‘विद्यार्थी’.

जानेवारी ते मे मी एकशे बारा पत्रं लिहिली, जावक क्रमांकासकट. रविवारी मी घरी नसायचो. कधी मेडशी, कधी मालेगाव, कधी मंगरूळपीर. बसमध्ये कोणी विचारलं, की मी सांगायचो, “संघाच्या कामाला चाललो.” संघाचं काम म्हणजे समित्यांना बैठका घ्यायची आठवण करणं. बैठका झाल्या, की बैठक झाल्याचं इतिवृत्त यायचं. त्यात लिहिलेलं असायचं, की पुढची बैठक घ्यावी. एवढ्या काळात जिन्याखालच्या कक्षात सल्ला मागायला किती मुलं आली? एक.

तिचं नाव कमली. फुलसिंग राठोडची मुलगी, रिसोडपासून चार मैलांवरच्या बंजारा तांड्यातली. त्या तांड्यातून दहावीत बसलेली ती पहिलीच पोरगी. आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे, तेव्हा ही आजीजवळ राहून चालत शाळेत यायची. मार्चमध्ये परीक्षेच्या आधी ती टेबलासमोर उभी राहिली.

“सर, दहावीनंतर नर्स होता येते का?”

“काहून व्हायचं तुला नर्स?”

“माझी माय बाळंतपणं करते. तिले सारं येते. पन बाई अडली का ती म्हनते, आता जीप आनाले पाह्यजे. जीपमंधून नर्स येते. मंग मायबी तिचंच आयकते.”

यापेक्षा स्पष्ट उत्तर मला आजवर कोणी दिलेलं नाही. मी तिला बसायला सांगायला हवं होतं. मी तिला एक छापील तक्ता दिला आणि म्हणालो, “हा भर. तुझी नोंद करतो. माहिती आली की कळवतो.” आणि रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहिलं: अनुक्रमांक १, राठोड कमली फुलसिंग. मला इतका आनंद झाला, की त्याच दिवशी मी सातही समित्यांना पत्र पाठवून कळवलं, की संघाच्या कार्याचा शुभारंभ झाला आहे.

पाच जूनला ते पत्र आलं. अकोल्याच्या एका प्रशिक्षण केंद्राचं, सहायक परिचारिकेच्या अभ्यासक्रमाचं. दहावी पास मुलींसाठी. राहायची सोय. विमुक्त जातींसाठी (त्यात बंजारा आले) दोन जागा राखीव. अर्ज पोचण्याची शेवटची तारीख पंचवीस जून.

पत्र हातात घेऊन मी उभा राहिलो. कमलीचा तांडा चार मैल. माझी सायकल दाराशी. पाऊण तासात मी तिथं पोचलो असतो. तसं मनात आलंही. पण लगेच दुसरं मनात आलं, की सचिवानंच नियम मोडला तर बाकीच्यांना काय सांगणार? पत्रावर आवक क्रमांक टाकून मी ते पाकिटात घातलं आणि मालेगावच्या गाडीच्या कंडक्टरकडे दिलं. परत येताना मला स्वतःचा अभिमान वाटत होता. खरं सांगतो, वाटत होता.

मालेगावला ग्यानबा लग्नाला गेलेले. चार दिवसांनी आले, आणि समासात लिहिलं: ‘दहावी म्हणजे नवी की जुनी, स्पष्ट व्हावे’. जुन्या पद्धतीत परीक्षा अकरावीला, तिथं ‘दहावी पास’ला काही अर्थच नव्हता, तरी लिहिलं. मग पत्र आसेगावला नक्कल करायला गेलं, आणि तिथून मेडशीला. उदयसिंग सरांनी ते खरं आहे का हे विचारायला केंद्रालाच पत्र पाठवलं, आणि उत्तराची वाट पाहत बसले.

बारा जूनला निकाल लागला. कमली पास झाली, आणि चौदा तारखेला माझ्या घरी आली. सोबत आई, भुरीबाई. भुरीबाईनं ओसरीवरच्या तक्त्याकडे पाहून कौतुकानं मान हलवली.

“सर, नर्सिंगचा कागद आला का?” कमलीनं विचारलं.

या जागी मी कितीदा तरी मनातल्या मनात परत गेलो आहे. ‘हो’ एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, “कागद पडताळणीत आहे.”

“म्हंजे आला?”

“म्हणजे अधिकृतपणे आलेला नाही. आला की फलकावर लागेल.”

भुरीबाईला यातलं काही कळलं नाही. पण मास्तर एवढा गंभीर बोलतो म्हणजे काम जोरात चालू असणार, असं समजून तिनं हात जोडले. मी ते जोडलेले हात स्वीकारले.

अठरा तारखेला मेडशीहून तक्रार आली. उदयसिंग सरांनी लिहिलं होतं, की पडताळणी पूर्ण व्हायच्या आत लिलाबाई गोटे यांनी नकलेसाठी आलेल्या माहितीचा परस्पर वापर केला. आसेगावच्या तीन मुलींचे अर्ज त्यांनी भरले, मुलींना एसटीनं अकोल्याला नेलं आणि अर्ज हातोहात दिले. हे संघाच्या शिस्तीला धरून नाही.

मी पेटून उठलो. त्याच दिवशी लिलाबाईंना कारणे दाखवा नोटीस लिहिली. ‘आपण कार्यपद्धतीचा भंग केल्याबद्दल आपल्यावर कार्यवाही का करण्यात येऊ नये, याचा खुलासा सात दिवसांत करावा.’ अशी वाक्यं मला फार सुंदर लिहिता येतात. अजूनही.

बावीस तारखेला त्यांचं पोस्टकार्ड आलं. मायना नाही, ‘मा. सचिव’ नाही, तारीखही नाही. दोन ओळी: ‘मुदत पंचवीसला संपते. तुमच्याकडची कोणी मुलगी असेल तर लगेच पाठवा, विमुक्त जातीची एक जागा अजून आहे.’

मी ते वाचलं. पूर्ण वाचलं. आणि माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो असा, की हा खुलासा नाही. त्यावर मी आवक क्रमांक टाकला, शेरा मारला: ‘खुलासा असमाधानकारक’, आणि कार्ड फाइलला लावलं. तीन दिवस शिल्लक होते.

मंगरूळपीरच्या भाषा समितीनं ‘परिचारिका’मधली वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ यावर तीन दिवस घेतले. ऱ्हस्व बरोबर ठरली. अठ्ठावीस तारखेच्या सोमवारी सकाळच्या गाडीनं पाकीट माझ्या हातात पडलं. लिलाबाईंचं सुरेख अक्षर, खाली सहा सह्या. सातवी मी केली. शाळा नुकतीच उघडली होती. चार टाचण्या लावून मी ती सूचना फलकावर लावली आणि जरा मागं सरून पाहिलं. एकही चूक नव्हती.

कमली त्या दिवशी शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आली होती. फलकाशी थांबली. बोट ठेवून तिनं सगळं वाचलं, मग पुन्हा शेवटच्या ओळीवर बोट नेलं.

“सर,” ती म्हणाली, “पंचवीस लिवलं हाय.”

“हो.”

“आज अठ्ठावीस हाय.”

मी फलकाकडे गेलो. तारीख मी पाच जूनला वाचली होती, बावीसला पुन्हा वाचली होती. सही करतानाही ती माझ्या हाताखाली होती. तरी ती मला दिसली, ती त्या वेळी. काहीतरी म्हणावं म्हणून मी म्हणालो, “मी पाहतो.” ती मान हलवून गेली. रडली असती, तर माझी सुटका तरी झाली असती.

दुसऱ्या दिवशी शाळेत रजेचा अर्ज टाकून मी अकोल्याला गेलो. तिथल्या मुख्य परिचारिका चष्म्याच्या वरून पाहणाऱ्या बाई होत्या. त्यांनी यादी दाखवली. आसेगावच्या तिन्ही मुली लागल्या होत्या. विमुक्त जातीच्या एका जागेवर त्यातलीच एक होती. दुसऱ्या जागेला कोणी आलंच नाही, म्हणून सव्वीसला ती दुसऱ्या मुलीला देऊन टाकली होती.

“तुम्ही त्या मार्गदर्शक संघाचे का?” त्यांनी विचारलं. “तुमच्या मेडशीच्या अध्यक्षांचं पत्र आलं होतं, आमचं पत्र खरं आहे का म्हणून. आम्ही उत्तर पाठवलंय. खरं आहे.”

परत येताना मेडशीला गाडी थांबली. उदयसिंग सरांना भेटून दोन शब्द सुनावावेत असं वाटलं. पण सुनावणार काय? त्यांनी तर माझा नियम पाळला होता. मी खिडकीशी बसून राहिलो.

तांड्यात मी दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. फुलसिंग दाराशी औताची दोरी वळत होता. त्यानं मला बाजेवर बसवलं, भुरीबाईनं पाण्याचा तांब्या आणला. कमली आत होती. माझा आवाज ऐकून ती दाराच्या चौकटीत येऊन उभी राहिली.

अकोल्याला जाऊन आल्याचं सांगून मी घसा साफ केला आणि म्हणालो, “त्याचं असं झालं, की कार्यपद्धतीमध्ये...”

फुलसिंगनं मला थांबवलं. “मास्तर, तुमी काहून मनाले लावून घेता? पोरीनं सांगतलं तारीख गेली म्हनून. सरकारी तारीख हाय, तिच्यात तुमी काय करसान? आमच्यासाठी एवढे अकोल्यापावतो गेले, हेच लय झालं.”

सुटकेचं दार उघडं होतं. मी नुसता गप्प बसलो असतो, तर चहा पिऊन, भला माणूस म्हणवून घेऊन घरी गेलो असतो. क्षणभर मी गप्प बसलोही. मग कमलीकडे नजर गेली. तिला सगळं माहीत होतं. आणि ती बापाला काही सांगत नव्हती. मास्तरची अब्रू सोळा वर्षांची पोर सांभाळत होती.

“सरकारमुळे नाही गेली,” मी म्हणालो. “माझ्यामुळे गेली.”

फुलसिंगचा हात दोरीवर थांबला. बोलली भुरीबाई.

“कागद तुमच्या हातात आल्ता?”

“हो.”

“कवा?”

“पाच तारखेला.”

तिनं बोटांवर दिवस मोजले. “मंग पंचवीसपावतो वीस दिवस तो व्हता कोठं?”

“मालेगावला गेला. मग आसेगावला, मेडशीला, मंगरूळपीरला.”

“आन् पोरगी?”

मी पाण्याचा तांब्या उचलला आणि तसाच खाली ठेवला.

“पोरगी तर हितंच व्हती,” भुरीबाई म्हणाली. ती रागानं बोलली नाही. जणू मला खरंच ठाऊक नसेल, म्हणून तिनं सांगितलं.

फुलसिंग दोरी गुंडाळायला लागला. मग म्हणाला, “मी तिच्यासाठी पाव्हने पाहून ठुयले हायेत मास्तर. नर्सिंगचं म्हनत व्हती म्हनून थांबलो व्हतो.”

“एक वर्ष थांबा,” मी म्हणालो. “तिला अकरावीत घालू. पुढच्या जूनला अर्ज मी स्वतः नेतो.”

“तुमी?” भुरीबाईनं विचारलं. शेवटी कमलीच बोलली, “म्या जाईन अकरावीत.” आणि आत गेली.

त्या रविवारी मी आसेगावला लिलाबाईंकडे गेलो. बसमध्ये माफीची वाक्यं तयार केली होती. चांगली झाली होती, त्यातली दोन तर ‘उपरोक्त’नं सुरू होत होती. लिलाबाई अंगणात सतरंजीवर बसलेल्या, पुढ्यात अर्जांचा ढीग.

“बाई, ती नोटीस मी परत घेतो,” मी म्हणालो.

“आता राहू द्या. तिची मांगची बाजू कोरी व्हती, त्याच्यावर पोरींची नावं लिवली हायेत.” त्यांनी मला कागद दाखवला. माझ्या सुंदर वाक्यांच्या पाठीमागे एकोणीस मुलींची नावं होती, प्रत्येकीपुढे गाव, मार्क आणि काय शिकायचं ते. “तुमच्या त्या पोरीचं नाव काय?”

मी सांगितलं. त्यांनी विसावं नाव लिहिलं. मग शाईचा पेन माझ्याकडे सरकवला.

“हे डीएडचे हायेत. जन्मतारीख अक्षरी लिवा. खाडाखोड करू नका. पहिले मीबी करत व्हती.”

मी दुपारपर्यंत बारा अर्ज भरले. चार बिघडवले. लिलाबाईंनी चारही नवे आणून दिले. मुलींचे आईबाप येत होते, बसत होते, सांगत होते. एकाची मुलगी हुशार होती पण तिला दिसायचं कमी. एकाला पोरगी होस्टेलात राहिली तर ती जेवेल का, याची काळजी होती. लिलाबाई प्रत्येकाचं पूर्ण ऐकायच्या आणि मग एक-दोन वाक्यं बोलायच्या. अमरावतीच्या चौदा दिवसांत जे शिकवलं होतं, ते हेच होतं की काय, असं मला वाटायला लागलं.

ऑगस्टमध्ये मी संघाची बैठक बोलावली आणि उभं राहून सगळं सांगितलं. समित्या बरखास्त कराव्या आणि आलेली माहिती प्रत्येकानं त्याच दिवशी मुलांना द्यावी, असा ठराव मांडला. या वेळी कोणी खिडकीबाहेर पाहिलं नाही. मला वाटलं, माणसं हलली.

उदयसिंग सर म्हणाले, “मुद्दा गंभीर हाय. असा एकदम निर्णय घेता येत नाही. याच्या अभ्यासासाठी एक समिती नेमू.”

ती नेमली. हात पुन्हा वर आले. या समितीला दोन अध्यक्ष मिळाले.

मी सचिवपदाचा राजीनामा दिला. नियमाप्रमाणे तो माहिती समितीकडे गेला. ग्यानबांनी समासात लिहिलं: ‘राजीनामा कोणत्या तारखेपासून, स्पष्ट व्हावे’. मग तो पडताळणीला गेला. माझ्या माहितीप्रमाणे तो अजून मंजूर झालेला नाही. तरी त्या दिवसापासून मी दर रविवारी आसेगावच्या सतरंजीवर बसू लागलो. पाकिटं यायची थांबली. ओसरीवरचा तक्ता भागीरथानं काढला आणि धान्याच्या कोठीवर झाकायला घेतला. मी हरकत घेतली नाही.

कमली अकरावीत बसली. पण दिवाळीनंतर फुलसिंगचा जोडीदार आजारी पडला आणि तोडीला हात कमी पडायला लागले, म्हणून ती आईबापासोबत ऊसतोडीला गेली. मी तिला फडावर पत्रं लिहिली. कधी पुस्तकातली पानं, कधी नुसतं कसं चाललंय म्हणून. उत्तर एकदाच आलं. ‘हात सोलले हायेत, अक्षर खराब आहे, माफ करा.’ त्या पत्रावर मी आवक क्रमांक टाकला नाही.

एप्रिलमध्ये ती परत आली. पाहुणे पुन्हा येऊन गेल्याचं मला तांड्यात कळलं. फुलसिंगचं मन त्या बाजूनं झुकलेलं. भुरीबाईनं पाहुण्यांना काय सांगितलं, ते मला माहीत नाही. एवढंच कळलं, की ते जेवले आणि गेले.

१९७७ च्या जूनमध्ये केंद्राचं पत्र आलं, तेव्हा मी जेवत होतो. हात धुऊन सायकल काढली. संध्याकाळच्या आत अर्ज भरून झाला. जन्मतारीख अक्षरी, खाडाखोड नाही. दुसऱ्या दिवशी मी, कमली आणि भुरीबाई अकोल्याच्या गाडीत बसलो. अर्ज मीच नेणार म्हणून शब्द दिला होता, पण गाडी सुटली तेव्हा पाहिलं, तर अर्ज भुरीबाईच्या पदरात गुंडाळलेला होता. तिनं तो माझ्याकडे दिला नाही, आणि मी मागितला नाही.

मुलाखत महिनाअखेरीस झाली. आम्ही पुन्हा तिघं गेलो. बाहेर बाकावर तीस-पस्तीस मुली आणि त्यांची माणसं. कमलीचं नाव पुकारलं, तेव्हा ती उठून आत गेली. मी उठलो, बसलो, पुन्हा उठलो. आत काय विचारतील, ती काय सांगेल, माझं काय काय सांगायचं राहिलं, याची यादी मनात सुरू झाली.

“मास्तर,” भुरीबाई म्हणाली, “तुमी कितीदा उठून राह्यले? बसा.”

मी बसलो. तिनं फडक्यातून भाकर आणि मिरचीचा ठेचा काढला आणि अर्धी भाकर माझ्या हातावर ठेवली.

दुपारी यादी लागली. कमलीचं नाव तिच्यात नव्हतं. ते खाली होतं, प्रतीक्षा यादीत, दुसरं. मी त्याचा अर्थ समजावून सांगायला तोंड उघडलं. पण कमलीनं यादी स्वतःच वाचली होती. ती त्या चष्म्याच्या बाईंकडे गेली आणि विचारून आली. निवड झालेल्यांपैकी दोघींना दुसरीकडे जागा मिळाली होती, पत्र आठवड्यात येईल असं बाई म्हणाल्या.

ते नवव्या दिवशी आलं.

कमलीला सोडायला मी गेलो नाही, भुरीबाई एकटीच गेली. मी फक्त रिसोडच्या स्टँडवर होतो. गाडीच्या दारात उभं राहून कमली आपल्या गोरमाटी बोलीत आईशी काहीतरी बोलली. दोघीही माझ्याकडे पाहून हसल्या. भुरीबाईनं तर पदर तोंडाला लावला. काय बोलल्या ते मला कळलं नाही. विचारावंसं फार वाटलं. विचारलं नाही. कंडक्टरनं घंटी मारली आणि गाडी मालेगावच्या रस्त्याला लागली.